भट्टीत न गेलेल्या नळ्या

भट्टी बिघडली म्हणून सगळं झालं, असं आमचा होयबा अजूनही सांगत फिरतो. भट्टी बिघडली होती हे खरं. पण ती बिघडल्यावर बाकीचे सगळे हातावर हात ठेवून बसले आणि मी बसले नाही, एवढा भाग तो सोयीस्कर गाळतो. म्हणून मीच सांगते.

आमच्या प्रयोगशाळेत कार्बनच्या नॅनोनळ्या बनतात. डोळ्यांना दिसते ती नुसती काजळी, मनगटाला लागली तर साबणालाही दाद न देणारी. त्या काजळीत केसापेक्षा हजारो पट बारीक नळ्या असतात. नळीचं अंग म्हणजे कार्बनच्या अणूंची जाळी, सहा कोनांची घरं एकाला एक चिकटलेली. कागदावर ही जाळी फार देखणी दिसते. प्रत्यक्षात कुठे एखादा अणू गळालेला असतो, कुठे सहा कोनांच्या जागी पाच कोनांचं घर आणि शेजारी भरपाई म्हणून सात कोनांचं, कुठे नळीचं तोंडच फाटलेलं. ह्या सगळ्याला आमच्यात दोष म्हणतात.

आणि आमच्या सरांना दोष खपत नाहीत. खुर्चीवर बसण्याआधी ते रुमालाने खुर्ची पुसतात, उठल्यावर रुमाल झटकतात. पाठीमागे आम्ही त्यांना चकाचक म्हणायचो. नळ्या बऱ्या करायची रीत त्यांनी बसवली आणि त्यावरच त्यांचं नाव झालं. नळ्या भट्टीत घालायच्या, हवा काढून आरगॉन हा निष्क्रिय वायू भरायचा आणि दोन हजार अंशांच्या वर तापवायचं. त्या तापात अणू आपापल्या जागा शोधतात आणि भोकं बुजतात. बाहेर येते ती नळी सरांच्या खुर्चीसारखी स्वच्छ. प्रयोगशाळेत एक म्हणच पडली होती, आधी भट्टी, मग गोष्टी. भट्टीतून न काढलेल्या नळीवर कोणी काही मोजायचं नाही. आंघोळ न केलेल्या मुलाला पाहुण्यांसमोर आणत नाहीत, तसं.

नळी किती बरी झाली हे बघायला लेसरचं यंत्र होतं. ते दोन डोंगरांची रेघ काढतं. पहिला डोंगर दोषांचा. तो जितका बुटका तितकी नळी चांगली. प्रत्येकाची रेघ भिंतीवर टाचणीने लावली जायची आणि ज्याचा पहिला डोंगर उंच त्याने आठवडाभर तोंड लपवायचं. मीही लपवलंय. आता त्याचा राग येतो, तेव्हा लाज वाटायची.

माझा प्रबंध उत्प्रेरकावर होता. उत्प्रेरक म्हणजे मध्यस्थ. दोघांचं जुळवून देतो आणि स्वतः नामानिराळा राहतो. मला हवेतला ऑक्सिजन आणि पाणी ह्यांचं जुळवून त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड काढायचं होतं, जखमेवर टाकलं की फसफसतं तेच. ते मोठमोठ्या कारखान्यांत बनतं आणि टँकरमधून गावोगाव जातं. एखाद्या दवाखान्याला ते एका लहानशा डब्यात, नुसत्या हवा-पाण्यातून आणि थोड्या विजेवर बनवता आलं तर टँकरची वाट बघावी लागणार नाही. सर म्हणायचे, हे काम नळीचं नव्हे, नळीवर बसवलेल्या मौल्यवान धातूचं. नळी ही नुसती खुर्ची. तसं त्यांनी फार पूर्वी छापूनही ठेवलं होतं. माझ्या वाट्याला खुर्ची आणखी गुळगुळीत करण्याचं काम आलं होतं.

तर भट्टी बिघडली. आतला तापणारा ग्राफाइटचा भाग तडकला आणि नवा भाग समुद्रापलीकडून यायचा होता. होयबाने टेबल आवरलं, मग पुन्हा आवरलं. होयबा म्हणजे सरांचा उजवा हात. प्रबंध कधीच संपवून तो तिथेच चिकटला होता आणि सर शिंकले तरी मान हलवायचा. मनाने वाईट नाही, पण स्वतःचं मत त्याने कुठे ठेवलंय ते त्यालाही आठवत नसावं. त्याने मलाही सुट्टी घ्यायला सुचवलं.

मी सुट्टी घेतली नाही. माझ्याकडे भट्टीत न गेलेल्या नळ्यांची ताजी भुकटी होती आणि हवा सोडणारा पंप मध्येच अडकायचा, तो दुरुस्त झालाय का ते बघायचं होतं. एवढंच. वीज वाहून नेणाऱ्या कार्बनच्या कागदावर ती भुकटी फासली, कागद खारट द्रावात बुडवला, हवेचे बुडबुडे सोडले, थोडी वीज दिली. पंप नीट चालला. सवयीने शेवटी पेरॉक्साइडची चाचणीपट्टी बुडवली. पेरॉक्साइड असेल तर पट्टी निळी होते, नसेल तर पांढरीच राहते. पट्टी निळी झाली.

मला वाटलं पट्ट्या खराब आहेत. नवा डबा फोडला. निळी. भुकटी न फासलेला कोरा कागद लावला, पट्टी पांढरी. पुन्हा भुकटीचा कागद, पुन्हा निळी. धातू नाही, भट्टी नाही, काही नाही. भिंतीवर लावायची लाज वाटावी अशा फाटक्या नळ्या ते काम करत होत्या, जे बऱ्या केलेल्या नळ्यांनी कधीच केलं नव्हतं. आणि कोणाला कळलं नव्हतं, कारण मोजायच्या आधी आम्ही सगळे इमानेइतबारे ती भोकं बुजवत होतो. मला इतका आनंद झाला की मी त्या पंपाला शाबासकी दिली, मोठ्याने.

सरांनी पट्टी हातात न घेता लांबूनच बघितली. म्हणाले, लोखंड. त्यांचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नव्हतं. नळ्या उगवायला लोखंडाचे बारीक कण पेरावे लागतात, भट्टीत ते लोखंड वाफ होऊन निघून जातं. भट्टी नाही म्हणजे लोखंड आत, आणि काम करतंय ते लोखंड, नळ्या नव्हेत. मी नळ्या आम्लात धुतल्या आणि लोखंड काढलं. पट्टी आणखी गडद निळी झाली. मी नाचत गेले. सर म्हणाले, बाहेरचं गेलं, नळीच्या पोटात अडकलेलं कसं जाईल? तिथे आम्ल पोचत नाही. हेही खरंच होतं. चकाचक मूर्ख असते तर माझं काम सोपं झालं असतं.

मग त्यांनी निकाल दिला. "चौथ्या प्रकरणात एक वाक्य घाल. ही क्रिया उरलेल्या लोखंडामुळे दिसते, नळीतल्या दोषांमुळे नव्हे. आणि विषय संपव."

मी विचारलं, हे आपल्याला माहीत आहे का, की आपल्याला वाटतं?

"मला माहीत आहे," सर म्हणाले. "वाक्य नसेल तर माझी शेवटची सही नाही. मोडक्या नळ्यांच्या बाजूने बोलणारा प्रबंध माझ्या प्रयोगशाळेतून जाणार नाही."

होयबाने मान हलवली.

घरी आत्या होती. आई गेल्यावर मला आत्यानेच वाढवलं. ती बसगाड्यांमध्ये तिकीट तपासनीस आहे. खोटं बोलणाऱ्याकडे ती अशी बघते की तो न मागताच दंड काढून देतो. मी सगळं सांगितलं. ती टोपी काढून टेबलाशी बसली आणि एकेक प्रश्न विचारत गेली. नळी म्हणजे काय, भोक म्हणजे केवढं, त्याने नळी गळत नाही का. तिच्या मते ह्या घरात माझ्या नळ्यांना भोकं पडली तर बढती आणि मोरीच्या नळाला पडलं तर प्लंबरचा खर्च, हा कुठला न्याय.

हसून झाल्यावर ती कामाचं बोलली. "पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, बाळ. घाल ते वाक्य. पदवी हातात आली की पुढच्या दिवशी जगभर ओरड की ते खोटं होतं."

"माझ्या नावाखाली असेल ते, आत्या."

"अगं, एक वाक्य."

"तू एका प्रवाशाला विनातिकीट सोडतेस का? एकालाच?"

ती मग म्हणाली, वाद घालायला मीच शिकवलंय, भोगते आता. त्या दिवशी तिने भाजी करपवली आणि दोष मला दिला.

मी वाक्य घातलं नाही. चौथ्या प्रकरणात जे दिसलं ते लिहिलं, लोखंडाची शंका आहे हेही लिहिलं, आणि ती अजून मिटलेली नाही असं लिहिलं. सरांनी प्रबंध चाळला, म्हणजे आकृत्या बघितल्या आणि पहिली सही केली. वाक्य आहे का, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं म्हणजे झालं, असा त्यांचा समज असतो आणि होयबामुळे तो कधी चुकीचा ठरला नव्हता. प्रत बाहेरच्या परीक्षक बाईंकडे गेली आणि तोंडी परीक्षेची तारीख लागली. शेवटची सही परीक्षेनंतर, बाईंच्या सहीशेजारी. तिथे सर लोखंडाचा मुद्दा काढणार, वाक्य नाही हे उघडं पडणार, आणि माझ्याकडे उत्तर नसेल तर इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. मला अशा नळ्या हव्या होत्या ज्यांत लोखंड आहे असं खुद्द सरही म्हणू शकणार नाहीत.

अशा नळ्या होत्या. सरांच्या काचेच्या कपाटात एक बाटली होती, त्यांचं नाव ज्या नळ्यांमुळे झालं, त्या पहिल्या खेपेची. लोखंड शून्य. ते त्यांनी स्वतः मोजून छापलेलं. पहिला डोंगर जवळजवळ सपाट. पाहुणे आले की बाटली उजेडात धरून दाखवायची आणि परत कपाटात.

मी सरळ मागितली. चिमूटभर द्या म्हटलं. सर म्हणाले, "ती दाखवायची आहे, वापरायची नाही."

मी पुन्हा मागितली नाही. दुसऱ्या दिवशी भरदुपारी, होयबा समोर बसलेला असताना, कपाट उघडलं, बाटलीतून चिमूटभर भुकटी काढली आणि झाकण लावून ती जागेवर ठेवली. कपाटाला कुलूप कधीच नव्हतं, कारण हात लावायची कोणाची छाती नव्हती. होयबाचा चेहरा पांढराफटक पडला. मी म्हटलं, सरांना सांगायचं तर सांग, मी लपवणार नाही. ही चोरीच होती. मी तिच्यासाठी दुसरा शब्द शोधत नाही आणि माफीही मागत नाही.

प्लाझ्माचं यंत्र आहे आमच्याकडे, काचेच्या नळकांड्याचं. त्यात विजेने भारलेले आरगॉनचे कण नळ्यांवर आदळतात आणि जाळीतले अणू उडवतात. सरांच्या त्या सुंदर नळ्या मी त्यात ठेवल्या आणि आत जांभळा उजेड पडला. होयबा मागोमाग येऊन नळकांड्याशी उभा राहिला होता. वाईट वाटलं असं म्हटलं तर खोटं होईल. मला बरं वाटलं. इतकी वर्षं भिंतीसमोर खाली घातलेली मान त्या दिवशी वर आली. आधी थोड्या नळ्या न फोडता वापरल्या, पट्टी पांढरी राहिली. मग फोडलेल्या वापरल्या. पट्टी निळी झाली. मी यंत्र बंद केलं आणि तिथेच जमिनीवर बसून रडले, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

परीक्षेच्या खोलीत आम्ही चौघे. परीक्षक बाई, सर, मी आणि पाणी द्यायला म्हणून होयबा. बाई ठेंगण्या, चष्मा डोक्यावर चढवलेला, कमी बोलणाऱ्या. माझं सांगून झालं आणि सरांनी अपेक्षेप्रमाणे सुरुवात केली. विद्यार्थिनी हुशार आहे पण उतावळी आहे, ही क्रिया लोखंडाची आहे.

"ह्या नळ्यांत लोखंड आहे का, सर?" मी विचारलं आणि शेवटच्या दोन पट्ट्या टेबलावर ठेवल्या. एक पांढरी, एक निळी.

"कुठल्या नळ्या?"

"तुमच्या. कपाटातल्या बाटलीतल्या."

सर होयबाकडे वळले. होयबा म्हणाला, हो, हिने माझ्यासमोर घेतल्या. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा असेल, न विचारता पुढे म्हणाला, आणि फोडताना मी काचेच्या नळकांड्याशी उभा होतो, लोखंडाचा संबंध कुठेच आला नाही. सरांना तो सांगायला गेला नव्हता हे मला तेव्हा कळलं.

सरांचे कान लाल झाले. विचारल्याशिवाय घेतल्या, हे त्यांनी दोनदा म्हटलं. मी दोन्ही वेळा हो म्हटलं. बाईंनी निळी पट्टी उचलली, उजेडात धरली आणि विचारलं की हे चोरीबद्दल आहे की नळ्यांबद्दल, कारण त्यांना नळ्यांसाठी बोलावलं होतं.

मला वाटलं सर उठून जातील. ते उठले, पण गेले नाहीत. त्यांनी फोडलेल्या नळ्या मागितल्या. म्हणाले, दोषांमुळे होत असेल तर दोष गेल्यावर थांबायला हवं. भट्टी आता चालू आहे. मी बऱ्या करतो. मी स्वतः करतो.

भट्टी तापायला आणि थंड व्हायला दुसरा दिवस उजाडणार होता. बाई म्हणाल्या, थांबते. सरांनी कोट काढला, बाह्या सरकवल्या आणि नळ्या कोणाच्या हाती न देता भट्टीत ठेवल्या. कित्येक वर्षांनी मी त्यांना हाताने काम करताना बघितलं. हात सराईत होते. झडप बसवताना त्यांनी कडेवरून बोट फिरवलं आणि एक कण दिसला तो पुसून टाकला. त्या क्षणी मला ते आवडले, आणि तरीही ते हरावेत असं मला मनापासून वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं, त्याला माझा इलाज नाही.

घरी आत्याने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, माझ्याच नळ्या सर बऱ्या करतायत, आणि बऱ्या झाल्यावर त्यांचं काम थांबलं नाही तर मी संपले. ती म्हणाली, असलं शास्त्र मी ऐकलं नाही, बरं झाल्यावर मेलेलं बरं वाटतं तुम्हाला. मग माझ्या ताटात स्वतःचा वाटा घातला आणि जेवल्याशिवाय उठू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनीच भुकटी कागदाला फासली. हवा सोडली. वीज दिली. लेसरने काढलेली रेघ होयबाने आणली, पहिला डोंगर पुन्हा सपाट. आम्ही चौघे त्या भांड्याभोवती उभे होतो. पट्टी सरांनी बुडवली आणि धरून ठेवली. ती ओली झाली. आम्ही वाट बघितली. बाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला. पट्टी पांढरी राहिली.

अखंड नळी पांढरी. फोडलेली निळी. बरी केलेली पुन्हा पांढरी. तीच नळी, सरांची, सरांच्या हातांनी. मला ओरडायचं होतं. मी ओरडले नाही, कारण सर बोलायच्या बेतात होते.

त्यांनी रुमाल काढला, हात पुसले, आणि या वेळी रुमाल झटकला नाही. मग होयबाला विचारलं, ह्या भट्टीतून आपण आजवर किती नळ्या काढल्या असतील. होयबा म्हणाला, सर, सगळ्याच.

"सगळ्याच," सर म्हणाले. ते स्टुलावर बसले, न पुसता. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ते चौथ्या प्रकरणातलं वाक्य. काढून टाक."

बाईंनी प्रबंध उघडला, चौथं प्रकरण काढलं, बोटाने ओळी बघत गेल्या आणि विचारलं, कुठलं वाक्य?

सरांनी मान वर केली. होयबाने माझ्याकडे बघितलं.

"मी ते घातलंच नव्हतं, सर," मी म्हटलं, आणि सहीसाठी पेन त्यांच्यापुढे धरलं.